अँजिओप्लास्टीची तार : ती कुठून जाते आणि काय करते?

"डॉक्टरसाहेब, आमच्या ह्यांना तार घालणार म्हणतात. ती तार मग आतच राहते का हो?"

अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन शहरातून परतलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास विचारतात. कोणी विचारते, तारेतून करंट देतात का? कोणाला वाटते की तारेने ब्लॉक खरवडून बाहेर काढतात. 'फुगा' आणि 'स्प्रिंग' हे शब्द आता वाडीवस्तीपर्यंत पोहोचले आहेत. स्टेंटला तर आपल्याकडे सगळे स्प्रिंगच म्हणतात. पण फुगा आणि स्प्रिंग ज्या तारेवरून आत जातात, तिच्याविषयी फारसे कोणी सांगत नाही. मी स्वतः हृदयरोगतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरीही रुग्णांसोबत जाऊन कॅथ लॅबच्या काचेतून ही शस्त्रक्रिया अनेकदा पाहिली आहे आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारून ती समजून घेतली आहे. ती माहिती आज सोप्या शब्दांत देतो.

हृदयाच्या रोहिण्या

हृदय शरीरभर रक्त पाठवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रोहिण्यांना करोनरी रोहिण्या म्हणतात. महारोहिणीच्या मुळाशी त्या उगम पावतात. एक उजवी आणि एक डावी. डावीला थोड्याच अंतरावर दोन मोठे फाटे फुटतात, म्हणून व्यवहारात आपण 'तीन नळ्या' म्हणतो. या रोहिण्यांचा व्यास साधारण दोन ते चार मिलिमीटर असतो. वर्षानुवर्षे त्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबी साठते, पुढे तीत कॅल्शियमही जमते आणि वाट अरुंद होते. मग जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दाटून येते. साठलेल्या चरबीवरचे अस्तर अचानक फाटले, तर तिथे रक्ताची गुठळी होऊन रोहिणी पूर्ण बंद पडते. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

आधी तार, मग बाकी सारे

पायजम्यात नाडी घालताना आपण नुसती नाडी ढकलत नाही. ती गोळा होऊन बसते. म्हणून तिच्या टोकाला पिन लावतो आणि पिन पुढे सरकवतो. तानाजीच्या यशवंती घोरपडीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. ती खरी की दंतकथा, हे इतिहासकारांवर सोडू. पण गोष्टीतली युक्ती पक्की आहे. आधी एक दोर कड्यावर पोहोचवायचा, मग त्या दोराच्या आधाराने बाकीचे मावळे वर चढायचे. अँजिओप्लास्टीत तार त्या दोराचे काम करते. फुगा आणि स्टेंट हे मागून चढणारे मावळे. दोर पोहोचला नाही, तर बाकी कोणीच पोहोचत नाही.

ही युक्ती वैद्यकात आणली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने. १९५३ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. सुईने रक्तवाहिनीत शिरायचे, सुईतून तार आत सारायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची. कातडी कापून रक्तवाहिनी उघडी करण्याची गरजच उरली नाही. अतिदक्षता विभागात मानेतून घातलेली नळी किंवा डायलिसिसची तात्पुरती नळी आजही याच पद्धतीने बसवतात.

पुढचे पाऊल अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी पडले. जानेवारी १९६४ मध्ये डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा होती. रोहिणी अरुंद झाल्याने पाय सडू लागला होता आणि ती पाय कापू द्यायला तयार नव्हती. डॉटर यांनी अडथळ्यातून तार पार केली आणि तिच्यावरून चढत्या जाडीच्या नळ्या घालून वाट रुंद केली. पाय वाचला. ती अखेरपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालत होती.

हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगवण्याचे काम आंद्रेआस ग्रुन्टझिग या जर्मन डॉक्टरने केले. झुरिकमध्ये आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो हे फुगे हाताने तयार करी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णावर पहिली करोनरी अँजिओप्लास्टी केली. रुग्ण पूर्ण जागा होता. अनेक वर्षांनी तपासले, तेव्हाही ती जागा उघडी होती.

ग्रुन्टझिगच्या फुग्यात एक उणीव मात्र होती. तार फुग्याच्या टोकाला कायमची जोडलेली होती. ती स्वतंत्रपणे वळवता येत नसे. त्यामुळे वळणावळणाच्या रोहिण्यांत शिरणे कठीण जाई. १९८२ साली अमेरिकेतल्या डॉ. जॉन सिम्पसन यांनी फुग्यातून आरपार जाणारी आणि सुटी फिरणारी तार वापरून पाहिली. आधी तार अडथळ्यापलीकडे न्यायची आणि मग तिच्यावरून फुगा. त्यानंतरच अँजिओप्लास्टी हजारो डॉक्टरांच्या आवाक्यात आली. १९८६ साली युरोपात पहिले करोनरी स्टेंट बसले, तेही तारेवरूनच.

तार कशी असते?

ही तार विजेच्या तारेसारखी नसते आणि कुंपणाच्या तारेसारखी तर मुळीच नसते. तिची जाडी एका इंचाच्या हजार भागांपैकी चौदा भाग, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर असते. डोक्याचे चार-पाच केस एकत्र धरले तर जेवढे होतील, साधारण तेवढी. लांबी सहा फुटांच्या आसपास. काही कामांसाठी तीन मीटर लांबीचीही वापरतात.

आत एक गाभा असतो, पोलादाचा किंवा नितिनॉल या मिश्रधातूचा. नितिनॉल वाकवले तरी पुन्हा मूळ आकार धरते. हा गाभा टोकाकडे निमुळता होत जातो. टोकाच्या काही सेंटिमीटरवर प्लॅटिनमसारख्या जड धातूची अतिशय बारीक स्प्रिंग गुंडाळलेली असते. त्यामुळे टोक मऊ राहते आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर ठळक दिसते. वरून लेप असतो. काही लेप ओले झाले की शेवाळलेल्या दगडासारखे निसरडे होतात.

टोक किती मऊ, हे ग्रॅममध्ये मोजतात. टोक वाकवायला जेवढे वजन लागते, तेवढा त्याचा ताठपणा. रोजच्या वापरातल्या तारेचे टोक एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाने वाकते. जुन्या, घट्ट, पूर्ण बंद अडथळ्यांसाठी तीन, सहा, नऊ, बारा ग्रॅमच्या किंवा त्याहूनही ताठ तारा असतात. तार जितकी ताठ, तितकी ती अडथळ्यात घुसण्याची शक्यता जास्त आणि भिंत भेदून बाहेर जाण्याचीही. निसरड्या तारेचेही तसेच. ती फटीतून सहज सरकते, पण कुठे चालली आहे याची जाणीव बोटांना कमी होते. म्हणून अनुभवी डॉक्टर सहसा मऊ तारेने सुरुवात करतात आणि गरज पडली तरच ताठ तार घेतात.

प्रत्यक्ष काय करतात?

पूर्वी जांघेतूनच जात. आता बहुधा मनगटातून जातात. फक्त तेवढी जागा बधिर करतात, पूर्ण भूल देत नाहीत. सेल्डिंगरच्या पद्धतीने मनगटाच्या रोहिणीत एक छोटी नळी बसते. तिच्यातून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन करोनरी रोहिणीच्या तोंडाशी टेकवतात. इथवर नेण्यासाठी वेगळी, थोडी जाड आणि टोकाला वाकडी तार वापरतात. तिचे काम झाले की ती काढून घेतात.

आता खरी तार. डॉक्टर तिच्या टोकाला बोटाने किंवा सुईच्या आधाराने किंचित बाक देतात. बाहेरच्या टोकाला एक छोटी पकड बसवतात. पकड फिरवली की सहा फुटांवरचे टोक फिरते. कॅथेटरमधून औषध सोडले की पडद्यावर रोहिणी झाडाच्या फांद्यांसारखी उमटते. मग टोक हव्या त्या फांदीकडे वळवायचे, अलगद पुढे सरकवायचे, अडले की मागे घ्यायचे, पुन्हा वळवायचे. जोर लावायचा नाही. एका तज्ज्ञाने मला सांगितले, "तार ढकलायची नसते डॉक्टर, तिला वाट शोधू द्यायची असते."

तार अडथळा ओलांडून पलीकडे दूरवर गेली की तिथे ती स्थिर ठेवतात. तिच्यावरून फुगा येतो आणि काही सेकंद फुगतो. त्या वेळी रक्त थांबल्याने छातीत दुखू शकते. रुग्णाने घाबरू नये, पण डॉक्टरांना सांगावे. तार सरकताना मात्र दुखत नाही. मग फुग्यावर चढवलेला स्टेंट येतो, फुगा फुगवला की तो भिंतीला चिकटून बसतो आणि फुगा रिकामा करून बाहेर काढतात.

तार शेवटपर्यंत जागेवर असते. मध्येच अस्तर सुटले किंवा रोहिणी अचानक बंद झाली, तर तार आत असेपर्यंत पुन्हा फुगा नेता येतो. तार बाहेर आली की ती वाट हातची गेली. म्हणून शेवटची छायाचित्रे पाहून समाधान झाल्यावरच ती काढतात. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तार आत राहत नाही. आत राहतो तो फक्त स्टेंट. तारेतून करंट देत नाहीत आणि तिने काही खरवडतही नाहीत. चरबी बाहेर येत नाही, ती भिंतीकडे दाबली जाते.

दोन तारा, मोजणारी तार

अडथळा नेमका फाटा फुटतो तिथे असेल, तर डॉक्टर दोन्ही फाट्यांत एकेक तार ठेवतात. एका फाट्यात स्टेंट बसवताना दुसऱ्याचे तोंड दाबले गेले, तर तिथली तार वाट धरून ठेवते. रोहिणी फार वळणाची असेल, तर कधी पहिल्या तारेशेजारी आधाराला दुसरी तार घालतात.

काही तारा मोजमापही करतात. त्यांच्या टोकाजवळ रक्तदाब मोजणारा सूक्ष्म सेन्सर असतो. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एक औषध देऊन मोजतात. पलीकडचा दाब अलीकडच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर अडथळा रक्तपुरवठा खरोखर अडवतो आहे असे समजतात. दाब त्याहून बरा असेल, तर सहसा स्टेंटची गरज नसते. चित्रात ६०-७० टक्के दिसणारा ब्लॉक टाकण्याजोगा आहे की सोडण्याजोगा, याचा निर्णय अशा वेळी डोळ्यांपेक्षा तार चांगला करते.

'तार पलीकडे गेली नाही' म्हणजे काय?

आपल्या भागातले एक निवृत्त शिक्षक असा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले होते. उजवी रोहिणी शंभर टक्के बंद. तास-दीड तास प्रयत्न झाला, तार गेली नाही, डॉक्टरांनी काम थांबवले. गुरुजी गप्प होते. त्यांच्या पत्नी मात्र रडत म्हणाल्या, "आता काही उपाय नाही ना? पैसेही गेले आणि नळी बंदच."

तसे नसते. तीन महिन्यांहून अधिक काळ पूर्ण बंद असलेल्या रोहिणीत वाट उरलेलीच नसते. अडथळ्याचे तोंड टणक झालेले असते आणि आत कॅल्शियम असू शकते. पलीकडची रोहिणी चित्रात नीट दिसत नाही. अशा ठिकाणी तार न जाणे ही अनपेक्षित गोष्ट नाही. आणि थांबण्यालाही कारणे असतात. फार औषध गेले तर मूत्रपिंडांना इजा होते, क्ष-किरणांचा मारा वाढतो आणि ताठ तारेने भिंतीला छिद्र पडू शकते. वेळेवर थांबणारा डॉक्टर रुग्णाचे हितच पाहत असतो.

दुसरी गोष्ट अशी की रोहिणी हळूहळू बंद होते, तेव्हा शरीर आडवाटा उघडते. शेजारच्या रोहिणीतून बारीक बारीक फाटे त्या भागाला रक्त पोहोचवू लागतात. हमरस्ता बंद पडला की गाव पाणंदीने ये-जा करते, तसे. म्हणून शंभर टक्के ब्लॉक असलेला माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत असतो.

अशा अडथळ्यांसाठी खास पद्धती आहेत. पहिली, तारेला पाठीमागून बारीक नळीचा आधार देऊन क्रमाक्रमाने ताठ तारा वापरणे. दुसरी, एक तार चुकीच्या थरात गेली तर ती तिथेच खुणेसाठी ठेवून शेजारून दुसरी घालणे. तिसरी, तार मुद्दाम भिंतीच्या थरातून नेऊन अडथळा ओलांडल्यावर पुन्हा मूळ वाटेत आणणे. आणि चौथी, त्याच आडवाटेने उलट्या बाजूने अडथळ्यापर्यंत येणे. ही उलटी पद्धत रुळवण्यात जपानी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. या कामात मुरलेल्या केंद्रांत दहापैकी आठ-नऊ वेळा यश येते. पण हे प्रत्येकाचे काम नाही आणि प्रत्येक रुग्णाला त्याची गरजही नसते.

गुरुजींना आम्ही आधी औषधांवर ठेवले. हृदयाचे पंपिंग चांगले होते. तीन महिन्यांनंतरही देवळाच्या पायऱ्या चढताना त्रास होतच राहिला, तेव्हा असे अडथळे नेहमी उघडणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवले. तिथे उलट्या बाजूने तार पार झाली. झाली नसती, तर बायपासचा विचार करता आला असता. आणि औषधांनीच त्रास थांबला असता, तर काहीच केले नसते तरी चालले असते.

धोके किती?

तारेने अस्तर सुटू शकते. क्वचित छिद्र पडते आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठते. साध्या अडथळ्यांत असे शंभरात एकापेक्षाही कमी वेळा होते, जुन्या बंद रोहिण्यांत जास्त. फार क्वचित तार अडकते किंवा तुटते. यांवर उपाय कॅथ लॅबमध्येच करता येतात, क्वचित ऑपरेशन लागते. संमतिपत्रावर हे सारे छापलेले असते. ते वाचून घाबरू नये, पण वाचल्याशिवाय सहीही करू नये.

अटॅक आला असेल, तर घड्याळ पाहा

पूर्वी रुग्ण रुग्णालयात आल्यापासून फुगा फुगेपर्यंतचा वेळ मोजत. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे मोजमाप बदलले. ई.सी.जी.वर मोठ्या अटॅकचे निदान झाल्यापासून तार अडथळ्यापलीकडे जाईपर्यंतचा वेळ आता धरतात. कारण तार पार झाली की बहुतेकदा थोडे रक्त वाहू लागते. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात ही वेळ ६० मिनिटांच्या आत आणि दुसरीकडून पाठवलेल्या रुग्णात ९० मिनिटांच्या आत असावी, असे सांगितले आहे.

आपल्यासाठी त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे १२० मिनिटांचा. निदानापासून दोन तासांत तार पार होण्याची शक्यता नसेल, तर आहे तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लवकरात लवकर द्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयात न्यावे. तालुक्याच्या गावाहून शहर शंभर-सव्वाशे किलोमीटर, वाटेत घाट, रात्रीची वेळ. हिशेब आपणच करा. "इथे काही नको, थेट पुण्याला नेतो" असा आग्रह धरणारे नातेवाईक मी नेहमी पाहतो. त्यांची तळमळ खरी असते, पण दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ई.सी.जी. निघतो अशा जवळच्या ठिकाणी आधी पोहोचा. इंजेक्शन इथेच देऊ का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तर घुटमळू नका.

सही करण्यापूर्वी हे विचारा

१. अटॅक आला आहे की दुखणे जुने, स्थिर आहे? अटॅकमध्ये अँजिओप्लास्टी जीव वाचवते. स्थिर दुखण्यात ती त्रास कमी करते, पण बहुतेकांचे आयुष्य औषधांपेक्षा वाढवते असे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. म्हणून तिथे दोन दिवस विचार करायला वेळ असतो.

२. ब्लॉक मध्यम असेल, तर दाब मोजणारी तार वापरता येईल का?

३. रोहिणी पूर्ण बंद असेल, तर असे अडथळे इथे नेहमी उघडतात का? तार गेली नाही तर पुढचा बेत काय, आणि खर्च किती?

४. स्टेंटच्या कमाल किमती केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिल्या. ती मर्यादा स्टेंटची होती. तार, फुगा, कॅथेटर आणि रुग्णालयाचा आकार वेगळा असतो. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.

५. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, औषधांची ॲलर्जी, पूर्वी झालेला रक्तस्राव आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगा.

६. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किती महिने, हे कागदावर लिहून घ्या. दात काढायचा आहे, उपवास आहे, बरे वाटते आहे, अशा कारणांनी त्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट. तार आणि स्टेंट एका जागेवरचा अडथळा दूर करतात. बाकीच्या रोहिण्यांत तीच चरबी साठत असते. अँजिओप्लास्टी करून आलेला माणूस आठ दिवसांत पुन्हा तंबाखू मळताना दिसतो, बायका मिश्री सोडत नाहीत, कोलेस्टेरॉलची गोळी महिन्यानंतर बंद होते. मग वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या जागी तार घालायची वेळ येते. तंबाखू आणि मिश्री कायमची बंद, बी.पी. आणि साखर आटोक्यात, गोळ्या नियमित आणि रोज अर्धा तास चालणे, एवढे सांभाळा. आणि रिपोर्टमधले एखादे वाक्य समजले नाही, तर घरी काळजी करत बसू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जा आणि समजेपर्यंत विचारा.